मधुमेह, मूत्रपिंड आणि हृदय: शेतकरी बांधवांनीं जाणण्याजोग्या कांहीं गोष्टी

धानाचें पीक बांधींत पिवळें पडूं लागलें, कीं आपल्या गोंदिया भागांतील जाणता शेतकरी स्वस्थ बसत नाहीं. तो पान उलटून पाहतो, बुंधा चाचपतो, पाणी अधिक झालें कीं खत उणें पडलें याचा विचार करतो, आणि रोग बांधीभर पसरण्यापूर्वीं उपाय योजतो. स्वतःच्या देहाविषयीं मात्र हाच शेतकरी फार उदासीन असतो. पाय सुजले तर उभ्यानें काम झालें म्हणतो, दम लागला तर वय झालें म्हणतो, आणि साखर एकदां उतरली म्हणजे मधुमेहाची गोळी परस्पर बंद करतो. या उदासीनतेची किंमत पुष्कळ घरांस मोजावी लागत आहे. म्हणून मधुमेह, मूत्रपिंडाचा जुनाट विकार आणि हृदयरोग या तिहींचा परस्परसंबंध काय, व तो वेळीं ओळखून आपणांस काय करतां येईल, हें या लेखांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

हा केवळ शहरी श्रीमंतांचा रोग नव्हे

मधुमेह हा गादीवर बसणाऱ्या लठ्ठ मनुष्याचा रोग, नांगर धरणाऱ्यास तो होत नाहीं, अशी समजूत खेडोपाडीं अजून आहे. ती सोडून दिली पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आंकडे २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांवरून देशांत सुमारें १० कोटि १० लक्ष माणसांस मधुमेह असून आणखी सुमारें १३ कोटि ६० लक्ष माणसें त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांपैकीं शेंकडा ३५ हून अधिक लोकांचा रक्तदाब वाढलेला आढळला.

अंगानें सडपातळ असणाऱ्यांस हा रोग कां होतो, याचा शोध आपल्याच महाराष्ट्रांत लागला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ सालापासून पुण्याजवळील सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया व त्यांचीं मुलें यांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील बालकांचें ३.५ किलो भरलें. परंतु ही तूट मुख्यतः स्नायूंत व अवयवांत होती. चरबी त्या मानानें फारशी कमी नव्हती. पुढें २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत याज्ञिकांनीं स्वतःचें व एका इंग्रज सहकाऱ्याचें छायाचित्र छापलें. उंचीच्या मानानें वजन दोघांचें सारखेंच, पण इंग्रज गृहस्थाच्या शरीरांत चरबी शेंकडा ९ आणि याज्ञिकांच्या शरीरांत शेंकडा २१! तेव्हां आपण बारीक आहों म्हणून निश्चिंत राहण्यास आपणांस आधार नाहीं. पोटाचा घेर हा आपल्या बाबतींत वजनापेक्षां अधिक खरें बोलतो.

तलाव आणि सांडवा

आतां मुख्य विषयाकडे वळूं. हृदय दर मिनिटास सुमारें पांच लिटर रक्त ढकलतें, आणि त्यापैकीं जवळजवळ पांचवा हिस्सा एकट्या दोन मूत्रपिंडांकडे जातो. मुठीएवढ्या या अवयवांस इतका मोठा वाटा मिळतो, कारण सर्व देहाचें पाणी, मीठ व मळ यांचा हिशेब तेथें होतो. प्रत्येक मूत्रपिंडांत सुमारें दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. दोहोंतून मिळून दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यांतील लिटर दीड लिटर लघवीवाटे बाहेर टाकून बाकीचा रक्तांत परत घेतला जातो.

या गाळण्या म्हणजे अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचे गुंते होत. रक्तांत साखर वर्षानुवर्षें अधिक राहिली, कीं प्रथम या गाळण्यांवरील दाब वाढतो. मग त्यांचीं छिद्रें सैल होऊन अल्ब्युमिन नांवाचें प्रथिन लघवींत झिरपूं लागतें. आणि शेवटीं एकेक गाळणी वठून निकामी होते. गेलेली गाळणी पुन्हां उगवत नाहीं. या साऱ्या काळांत रोग्यास बहुधा कांहींच त्रास वाटत नाहीं.

मूत्रपिंड बिघडल्यानें हृदय कां बिघडावें, हें समजण्यास आपल्या जुन्या मालगुजारी तलावांचा दृष्टान्त पुरेसा आहे. कोहळी बांधवांच्या पूर्वजांनीं हे तलाव बांधतांना पाळीइतकीच काळजी सांडव्याची घेतली. सांडवा गाळानें बुजला तर तलावांत पाणी तुंबतें आणि त्याचा सारा रेटा पाळीवर येतो. पाळ फुटते ती एका मुसळधार रात्रीं. परंतु तिच्या फुटण्याचें कारण अनेक वर्षें मुकाट्यानें सांचत आलेलें असतें. देहांत सांडव्याच्या जागीं मूत्रपिंड आणि पाळीच्या जागीं हृदय व रक्तवाहिन्या आहेत असें समजावें.

हा रेटा चार वाटांनीं येतो. पहिली वाट मीठ व पाणी यांची: तीं बाहेर न पडल्यामुळें रक्तदाब चढतो, हृदयाची भिंत जाड व ताठर होते आणि पुढें तें थकतें. दुसरी वाट रक्तक्षयाची: तांबड्या पेशी तयार करण्याचा हुकूम देणारें द्रव्य मूत्रपिंडांत बनतें, तें कमी पडलें कीं रक्त पातळ होतें व हृदयास अधिक धांवावें लागतें. तिसरी वाट फॉस्फरसची: तो रक्तांत सांचला म्हणजे चुना धरल्याप्रमाणें धमन्या कठीण होतात. चौथी वाट पोटॅशियमची: तें फार वाढलें तर हृदयाचे ठोके एकाएकीं बिघडून मृत्यूही येतो. उलट हृदय दुबळें झालें, कीं मूत्रपिंडांस रक्त कमी पोहोंचतें आणि तीं अधिकच बिघडतात. असें हें दुष्टचक्र आहे. अमेरिकेंतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०२३ सालीं हृदय, मूत्रपिंड व चयापचय यांच्या या एकत्र बिघाडास एकच नांव दिलें, तें याच कारणास्तव.

येथें एक गोष्ट ठळकपणें सांगावयास पाहिजे. मूत्रपिंडाचा विकार जडलेल्या मनुष्यास डायलिसिसची भीति वाटते. परंतु अशांपैकीं पुष्कळ लोक डायलिसिसपर्यंत पोहोंचतच नाहींत, कारण त्यापूर्वींच हृदयविकारानें त्यांचा अंत होतो. म्हणून मधुमेह्याच्या लघवींत अल्ब्युमिन आढळणें ही नुसती मूत्रपिंडाची बातमी नसून हृदयाकडून आलेली पूर्वसूचना आहे.

दोन परीक्षा मागून घ्याव्या

साखरेची परीक्षा पुष्कळ लोक करवितात. तेवढ्यानें भागत नाहीं. मधुमेह असलेल्या प्रत्येकानें वर्षांतून निदान एकदां पुढील दोन परीक्षा करवून घ्याव्या.

पहिली रक्ताची, क्रिएटिनिनची. परंतु क्रिएटिनिनचा नुसता आंकडा 'बरोबर' आहे एवढें ऐकून घरीं परतूं नये. निम्म्यापर्यंत गाळण्या गेल्या तरी तो आंकडा कित्येकांचा साधारण दिसतो. त्यावरून वय व लिंग लक्षांत घेऊन गाळण्याचा वेग काढतात. तो विचारून घ्यावा. हा वेग तीन महिने किंवा अधिक काळ ६० च्या खालीं राहिला, तर मूत्रपिंडाचा जुनाट विकार आहे असें समजतात.

दुसरी परीक्षा लघवीची. सकाळच्या लघवींत अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचें प्रमाण पाहतात. तें ३० च्या खालीं असावें. ३०० च्या वर गेलें तर धोका मोठा. गाळण्याचा वेग उत्तम असूनही ही दुसरी परीक्षा बिघडलेली असूं शकते, आणि उपायास खरी संधि त्याच वेळीं असते. नेमकी हीच परीक्षा करावयाची राहून जाते, म्हणून ती आपण होऊन मागावी.

यांखेरीज रक्तदाब प्रत्येक भेटींत मोजावा. मधुमेह व मूत्रपिंडविकार असलेल्या बहुतेकांचा तो १३० वर ८० च्या आंत ठेवावा असें तज्ज्ञ सांगतात.

आपल्या जिल्ह्यापुरती एक विशेष सूचना आहे. विदर्भाच्या या पूर्व भागांत सिकलसेलचा आजार पुष्कळ कुटुंबांत आहे. मधुमेहांत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची जी परीक्षा करतात, ती तांबड्या पेशींवर चिकटलेली साखर मोजते. सिकलसेलच्या रोग्यांत या पेशी लवकर नाश पावतात, त्यामुळें आंकडा खऱ्यापेक्षां कमी येऊन रोगी फसतो. शिवाय सिकलसेल स्वतःच मूत्रपिंडांस अपाय करतो. ज्यांच्या घरीं हा आजार आहे त्यांनीं तो डॉक्टरांस आधीं सांगावा, म्हणजे ते उपाशीपोटींची व जेवणानंतरची साखर पाहून निर्णय करतील.

सफरचंदाच्या सालीपासून निघालेली गोष्ट

गेल्या कांहीं वर्षांत या रोगाच्या उपचारांत मोठी सुधारणा झाली आहे, आणि तिचें मूळ एका झाडाच्या सालींत आहे, हें वाचून शेतकरी बांधवांस कौतुक वाटेल. १८३५ सालीं युरोपांतील रसायनशास्त्रज्ञांनीं सफरचंदाच्या झाडाच्या सालींतून फ्लोरिझिन नांवाचें कडू द्रव्य काढलें. कडू म्हणून तें तापावर चालेल असें त्यांस वाटलें. १८८६ सालीं जर्मनींतील फॉन मेरिंग यांस दिसलें, कीं हें द्रव्य दिलें असतां लघवींतून साखर पडूं लागते. गाळलेली साखर परत रक्तांत ओढून घेणारी मूत्रपिंडांतील यंत्रणा तें बंद पाडतें. या ज्ञानाचा उपयोग व्हावयास शंभराहून अधिक वर्षें जावीं लागलीं. त्याच तत्त्वावर पुढें डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन व कॅनाग्लिफ्लोझिन हीं औषधें तयार झालीं.

तीं साखर उतरविण्यासाठीं केलीं, पण त्यांचा मोठा गुण निराळाच ठरला. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, मधुमेहासह हृदयविकार असलेल्या सुमारें सात हजार रोग्यांपैकीं ज्यांस एम्पाग्लिफ्लोझिन दिलें त्यांच्यांत हृदयविकाराचे मृत्यू शेंकडा ३८ नें कमी झाले. २०२० सालीं डापाग्लिफ्लोझिनच्या प्रयोगांत मूत्रपिंड अधिक खालावणें, निकामी होणें किंवा त्यापायीं अगर हृदयविकारानें मृत्यू येणें, या एकत्रित अनर्थाचें प्रमाण शेंकडा ३९ नें घटलें. आणि हा लाभ मधुमेह नसलेल्या मूत्रपिंडरोग्यांसही झाला. पहिल्या औषधाचें पेटंट भारतांत मार्च २०२५ मध्यें व दुसऱ्याचें २०२० सालीं संपल्यामुळें देशी कंपन्या तीं बनवूं लागल्या आणि किंमती बऱ्याच उतरल्या.

हें औषध एकटें पुरत नाहीं. लोसार्टन व त्या जातीचीं रक्तदाबाचीं औषधें गाळणीवरील दाब कमी करतात. २००१ सालच्या प्रयोगांत लोसार्टननें मधुमेही रोग्यांचीं मूत्रपिंडें पूर्ण निकामी होण्याचें प्रमाण शेंकडा २८ नें घटविलें. कोलेस्टेरॉल उतरविणारीं स्टॅटिन औषधें धमन्यांस सांभाळतात. फिनेरेनोन व आठवड्यांतून एकदां टोंचावयाचें सेमाग्लुटाइड यांचाही उपयोग अलीकडील प्रयोगांत सिद्ध झाला आहे. कोणास कोणतें द्यावें हें डॉक्टरच ठरवितील. वाचकांनीं एवढेंच करावें, कीं 'माझ्या मूत्रपिंडाच्या व हृदयाच्या रक्षणासाठीं कोणतें औषध चालूं आहे?' असा प्रश्न त्यांस विचारावा.

या औषधांच्या बाबतींत दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. लोसार्टनसारखें औषध सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासावें. आणि उलट्या, हगवण, कडक उपास किंवा भर उन्हाळ्यांत पाणी तुटणें, असा प्रसंग आला, तर हीं औषधें व मेटफॉर्मिन तात्पुरतीं थांबवावीं कीं काय, हें तत्काळ विचारावें. मे महिन्यांत आपल्याकडे ऊन ४५ अंशांस भिडतें; त्या दिवसांत ही सूचना विसरूं नये.

रोवणीच्या दिवसांतील अंगदुखी

रोवणीच्या हंगामांत दिवसभर वांकून पाठ दुखते, आणि दुकानांतून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी आणून घेण्याची चाल सर्वत्र आहे. निरोगी मनुष्यास एखादी गोळी सोसते. परंतु मूत्रपिंड अशक्त झालेल्यास, त्यांतही लोसार्टन व लघवी वाढविणारें औषध चालूं असतांना, ती फार घातक ठरते. हें औषध मूत्रपिंडास काय करूं शकतें याचा दाखला आपल्या आकाशांतच मिळाला. हें औषध दिलेलीं जनावरें मेल्यावर त्यांचें मांस खाऊन गिधाडांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं आणि तीं लाखोंनीं मेलीं. २००४ सालीं हें कारण उघडकीस आल्यावर २००६ सालीं सरकारनें जनावरांसाठीं त्या औषधावर बंदी घातली. पक्ष्याचा देह व माणसाचा देह एक नव्हे हें खरें, तरी दुखऱ्या मूत्रपिंडाच्या माणसानें त्यापासून दूरच राहावें. अंग शेकावें, मालिश करावें, आणि गोळी लागलीच तर कोणती चालेल तें विचारून घ्यावें. घटक ठाऊक नसलेलीं चूर्णें व भस्में यांसही हाच नियम लागूं आहे.

खाणें, पिणें आणि व्यसन

मीठ दिवसाला एकंदर पांच ग्रॅमच्या, म्हणजे एका लहान चमच्याच्या आंत असावें. यांत लोणचें, पापड, सांडगे, सुकट व फरसाण यांतील मीठही धरावयाचें आहे. 'कमी सोडियमचें' म्हणून जें मीठ विकतात, त्यांत पोटॅशियम असतें. मूत्रपिंडाच्या रोग्यानें तें घेऊं नये.

भात आपल्या मातींतलें अन्न. तो सोडा असें आम्ही म्हणत नाहीं. पण ताटांत निम्मी जागा भाजीस द्यावी, पाव भाग वरण-उसळ व पाव भाग भात असें प्रमाण ठेवावें, आणि जेवणाबरोबर गोड चहाची संवय तोडावी. मूत्रपिंड बिघडल्यावर प्रथिनेंही बेतानें, दर किलो वजनास दिवसाला सुमारें ०.८ ग्रॅम घ्यावीं. डायलिसिस चालूं असलेल्यास मात्र अधिक लागतात. पोटॅशियम वाढलेलें असेल तर नारळपाणी, केळीं, टमाटे व बटाटे यांवर डॉक्टर मर्यादा घालतील. कमरख हें फळ मात्र मूत्रपिंडाच्या रोग्यानें मुळींच खाऊं नये; त्यांतील विष बाहेर न पडल्यामुळें उचकी, भ्रम, झटके व मृत्यूही ओढवतो.

बिडी व खर्रा यांविषयीं अधिक काय लिहावें? तंबाखू धमन्या आंवळते, आणि मधुमेहानें खरवडलेल्या धमनीस हा दुसरा घाव असतो. साखरेची गोळी नियमानें घेऊन दिवसांतून चार वेळां खर्रा खाणारा मनुष्य एका हातानें बांध घालतो व दुसऱ्या हातानें तो फोडतो.

हृदयाचा झटका मुका असूं शकतो

मधुमेहानें मज्जातंतू बधिर होतात. म्हणून तळपायास कांटा रुतला तरी कळत नाहीं, तसेंच हृदयास झटका आला तरी छातींत कळ येईलच असें नाहीं. एकाएकीं दम लागणें, दरदरून घाम येणें, मळमळ, जबडा किंवा हात भरून येणें, विलक्षण थकवा, यांपैकीं कांहींही मधुमेह्यास झालें तर तें पित्त समजून ओंवा चघळीत बसूं नये. लागलीच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. झटक्यानंतरचा प्रत्येक तास हृदयाचा कांहीं भाग घेऊन जातो. आडवें झाल्यावर दम लागणें, पायांवर बोट दाबलें असतां खळगा राहणें, दोनतीन दिवसांत वजन एकदम दोन किलोंनीं वाढणें, हीं हृदय थकल्याचीं लक्षणें होत. यांतही दवाखाना त्याच दिवशीं गांठावा.

सोय काय आहे

तीस वर्षांवरील मनुष्याची साखर व रक्तदाब तपासण्याची व्यवस्था सरकारी आरोग्य उपकेंद्रांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत आहे. गोंदियास २०१६ सालापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असून गुंतागुंतीच्या रोग्यांस तेथें नेतां येतें. डायलिसिसचा व हृदयशस्त्रक्रियेचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखालीं मिळूं शकतो. परंतु खर्च मिळाला तरी वेळ परत मिळत नाहीं. डायलिसिस बहुधा आठवड्यांतून तीन वेळां, दर खेपेस सुमारें चार तास करावें लागतें. देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगांवकडील शेतकऱ्यास त्यासाठीं शहर गांठावें लागलें, तर येणें-जाणें धरून आठवड्याचे तीन दिवस गेले. रोवणी व कापणी दुसऱ्याच्या हातीं गेली. पुढें औषधापायीं जमीन गहाण पडते ती याच वाटेनें.

असो. शेतीची कामें जशीं नक्षत्रांवर बांधलेलीं असतात, तशी या परीक्षांचीही वेळ बांधून घ्यावी, असें आम्ही सुचवितों. रोवणीपूर्वीं मृगाच्या सुमारास रक्तदाब, साखर व औषधांची उजळणी करावी. आणि धान घरांत आल्यावर, हातीं चार पैसे व चार दिवस मोकळे असतां, रक्ताची व लघवीची पूर्ण परीक्षा करवावी. आपल्याबरोबर घरांतील स्त्रियांस व सालगड्यासही न्यावें; कारण आपलें दुखणें अखेरपर्यंत बोलून न दाखविणारीं माणसें बहुतेक तींच असतात. परीक्षेचे कागद एका पिशवींत वर्षवार लावून ठेवावे, म्हणजे आंकडा कोणीकडे चालला आहे हें डॉक्टरांस व आपणांसही एका दृष्टींत दिसेल.